अकरा तास कुठे गेले

सुरय्या तांबोळी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. चिंचवडच्या गिअरबॉक्सच्या कंपनीत तिने अर्ज केला तो प्रोग्रॅमरच्या जागेसाठी; मिळाली ती डेटा एंट्रीची. "आधी हात बसू दे, पुढचं पुढे बघू," असं कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख उपासनी साहेब मुलाखतीत म्हणाले होते. त्याला आता, १९८२ च्या जानेवारीत, तीन वर्षं होत आली होती. हात चांगलाच बसला होता. पुढचं मात्र कोणी बघितलं नव्हतं.

कॉम्प्युटर म्हणजे दोन लोखंडी कपाटांएवढं परदेशी यंत्र. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळा एअरकंडिशनर आणि दाराबाहेर चपलांची रांग. शेजारच्या खोलीत पाच टर्मिनल आणि पाच जणी. ड्रॉइंग ऑफिसातून, स्टोअरमधून फॉर्म यायचे आणि त्यांवरचे सुट्या भागांचे नंबर या पाच जणी दिवसभर टाइप करायच्या. गिअर, शाफ्ट, बेअरिंग, सील, वॉशर धरून कंपनीचे एकूण चौदा हजार भाग होते. त्यातले कितीतरी नंबर सुरय्याला पाठ होते. पण पाठ असला तरी फॉर्मवर बघूनच टाइप करायचा, ही शिस्त तिला प्रभावतीबाईंनी पहिल्या दिवशीच लावली होती. प्रभावतीबाई पाच जणींत वयाने मोठ्या, आधी कंपनीतच टायपिस्ट होत्या. कमी बोलायच्या. टाइप करून झालेला प्रत्येक फॉर्म त्या कोपऱ्यात सही करून पालथा ठेवायच्या आणि मगच पुढचा उचलायच्या.

या सगळ्या नंबरांचं शेवटी काय व्हायचं, तर आठवड्याची यादी. पुढच्या आठवड्यात कुठले गिअरबॉक्स किती बनवायचे हे एकदा सांगितलं की त्यासाठी कुठले भाग किती लागतील याची लांबलचक यादी कॉम्प्युटर छापून द्यायचा. त्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी वीजच नसे. त्यामुळे बुधवारी सकाळी सातला यादीचा प्रोग्राम सुरू करायचा, संध्याकाळी सहाला तो संपायचा, आणि शुक्रवारी सकाळी कामावर येताच असेंब्लीच्या हातात यादी पडायची.

निदान तसं ठरलेलं होतं. पण यादीला अकरा तास लागत. त्या अकरा तासांत एक क्षण जरी वीज गेली, तरी पहिल्यापासून सुरुवात. खोली सातला बंद व्हायची, म्हणून मग यादी शुक्रवारवर जायची, आणि शुक्रवारचा अख्खा दिवस असेंब्लीची माणसं अंदाजाने भाग काढत बसायची. कधी शाफ्ट आहे तर बेअरिंग नाही, कधी बेअरिंग आहे तर सील नाही. दिवाळीपासून असं पाच वेळा झालं होतं.

प्रोग्राम लिहिला होता रंगराव काळभोरांनी. रंगराव आकुर्डीचे. आता जिथे कारखाने उभे होते तिथे त्यांच्या घरच्यांची ज्वारी व्हायची. घरातले पहिले पदवीधर, कामाला वाघ, आणि आपल्या प्रोग्रामबद्दल कोणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. ऑफिसात ते शुद्ध, मोजकं बोलत. चिडले किंवा खूश झाले की मात्र आकुर्डी बाहेर यायची. यादी हळू चालते कारण तिच्यात सॉर्टिंग फार आहे, हजारो भाग क्रमाने लावायला वेळ लागणारच, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात तीन महिने खपून त्यांनी सॉर्टिंगचा भाग नव्याने लिहिला होता. अकरा तासांचे पावणेअकरा झाले.

"मशीनच अपुरं आहे," असं त्यांनी शेवटी उपासनी साहेबांना सांगून टाकलं. उपासनी साहेबांनी मोठ्या मशीनसाठी मुंबईच्या मुख्य ऑफिसला पत्र लिहिलं. तिथून उलट विचारणा आली: आहे ते मशीन तरी ठेवायचं कशाला, पूर्वी चार कारकून ही यादी हाताने करत नव्हते का?

त्या पत्रानंतर विभागात सगळे हळू आवाजात बोलायला लागले.

सुरय्याला जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास टर्मिनलवर सराव करायची परवानगी होती. उपासनी साहेबांनी तेवढं दिलं होतं. मशीनबरोबर आलेली जाडजूड इंग्रजी मॅन्युअलं कपाटात धूळ खात पडली होती. डबा खाता खाता ती एकेक पान वाचायची, अडलेला शब्द वहीत लिहून घ्यायची. अशीच एके दिवशी तिला एक कमांड सापडली. इंग्रजीत चारच अक्षरांची: प्रोफ.

तिचा उपयोग असा. प्रोग्राम कंपाइल करताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून घेताना, एक जादा खूण जोडायची. मग तो चालू असताना मशीन सेकंदाला पन्नास वेळा डोकावून बघणार, की आत्ता प्रोग्रामच्या कुठल्या तुकड्यात काम चाललं आहे, आणि त्या तुकड्याच्या नावावर एक खूण मांडणार. शिवाय कुठला तुकडा किती वेळा वापरला गेला याचीही मोजणी ठेवणार. प्रोग्राम संपला की टर्मिनलवर प्रोफ लिहायचं, पुढे प्रोग्रामचं नाव लिहायचं, की सगळा हिशेब तक्त्यात समोर.

तिने ती आधी स्वतःच्या सरावाच्या प्रोग्रामवर चालवून बघितली. मूळ संख्या शोधून छापणारा तीस ओळींचा प्रोग्राम. तिची खात्री होती की सगळा वेळ भागाकारात जात असणार. तक्त्यात निघालं की निम्म्याहून जास्त वेळ आकडे छापण्यात गेला होता. तिला हसूच आलं. आपणच लिहिलेल्या तीस ओळी, आणि त्यांत वेळ कुठे जातो हे आपल्यालाच ठाऊक नाही. मग रंगरावांच्या प्रोग्रामच्या तर चार हजार ओळी होत्या.

धीर करून ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"काळभोर साहेब, एक विचारायचं होतं. यादीचा प्रोग्राम या खुणेसकट कंपाइल करून बघता येईल का? वेळ नक्की कुठे जातो ते कळेल."

रंगरावांनी तिने उघडून धरलेलं पान नीट बघितलंसुद्धा नाही. "वेळ कुठे जातो ते मला माहीत आहे. सॉर्टमध्ये."

"हो. तेच आकड्यात दिसेल."

"त्या मोजणीने प्रोग्राम आणखी हळू होईल. आधीच अकरा तास. बुधवारी वीज गेली तर भिमाजीला तोंड तुम्ही देणार का?"

भिमाजी असेंब्लीचा फोरमन. त्याच्या तोंडी लागायची विभागात कोणाची तयारी नव्हती. सुरय्या जागेवर जाऊन बसली. प्रभावतीबाईंनी तिच्याकडे बघितलं, पुढचा फॉर्म तिच्याकडे सरकवला, आणि म्हणाल्या, "पान दुमडून ठेव. कधीतरी लागेल."

पुढच्याच बुधवारी दुपारी दोन वाजता वीज गेली. अर्ध्या तासाने आली, पण यादी गेली ती गेलीच. अडीच वाजून पाच मिनिटांनी भिमाजी जिना चढून वर आला. दारातच थांबला, कारण बूट काढायचे होते आणि ते काढायची त्याची इच्छा नव्हती.

"रंगराव, आमी शुक्रवारी काय करायचं ते तरी सांगा," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "चाळीस माणसं हायत माझ्याकडं. त्यांना काय सांगू? यादी न्हाई, बसा?"

"शुक्रवारी संध्याकाळी देतो."

"व्हय, मागच्या वेळी बी दिली हुती. तवर पाळी सुटली." एवढं बोलून तो आला तसा खाली उतरून गेला.

रंगराव बराच वेळ बंद पडलेल्या प्रिंटरकडे बघत बसले. अकरा तासांचं काम सुरू करण्यात अर्थ नव्हता आणि सात वाजेपर्यंत मशीन रिकामं होतं. मग मान न वळवताच त्यांनी विचारलं, "तांबोळी, ते पान आहे का तुमच्याकडे?"

या वेळी त्यांनी ते दोनदा वाचलं. एक अडचण त्यांनीच काढली: प्रोग्राम शेवटपर्यंत जाऊन व्यवस्थित संपला तरच मोजणीची फाइल तयार होते, मध्येच थांबवला तर हाती काही लागत नाही. आणि शेवट तर अकरा तासांवर.

"सगळी यादी कशाला?" सुरय्या म्हणाली. "एकाच गिअरबॉक्सची करू. ट्रॅक्टरचा लहान आहे, त्याची. बाकीच्यांचंही काम तेच, फक्त जास्त वेळा."

रंगरावांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "बसा," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची तिला देऊन स्टूल ओढून घेतलं.

तिने कमांड टाइप केली. शेवटी ती जादा खूण जोडली. कंपाइल व्हायलाच वीस मिनिटं लागली. साडेतीनच्या सुमारास प्रोग्राम सुरू झाला आणि तेवढ्यात उपासनी साहेबांचं बोलावणं आलं. खाली असेंब्लीवर बैठक होती आणि रंगरावांना यायचंच होतं. जाताना ते म्हणाले, "संपला की तक्ता छापून ठेवा. शुक्रवारी बघू."

प्रोग्राम चाळीस मिनिटांत संपला. सुरय्याने प्रोफ टाइप केलं, पुढे यादीचं नाव, आणि बटण दाबलं. प्रिंटर खडखडला.

तक्त्यात सर्वांत वर, सर्वांत जास्त वेळ खाणारा तुकडा छापून येतो. वरच्या ओळीत सॉर्ट नव्हतं. सॉर्ट होतं पाचव्या ओळीत: शंभरात सहा. वरच्या ओळीत नाव होतं चेकनो. शंभरात अठ्ठ्याहत्तर. वापर चोवीस हजार वेळा.

तिने प्रोग्रामचा छापील गठ्ठा काढून चेकनो शोधला. वीसएक ओळींचा तुकडा. नंबर घ्यायचा, त्याच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून तो बरोबर टाइप झालाय की नाही बघायचं, मग चौदा हजार भागांच्या फाइलीत पहिल्यापासून शोधत जाऊन तो नंबर खरोखर आहे का ते बघायचं. नसला तर बॅडनो नावाच्या दुसऱ्या तुकड्याकडे पाठवायचं. तो चुकीचा नंबर छापणार. आणि वर रंगरावांच्या हातची टीप: उपासनी साहेबांच्या सूचनेवरून, ऑगस्ट १९८०.

ऑगस्ट १९८० म्हटल्यावर तिला सगळं आठवलं. एका नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले होते आणि बेअरिंगऐवजी तीनशे सील येऊन पडली होती. मूळ फॉर्म सापडला नाही. एंट्री प्रभावतीबाईंच्या नावावर होती, म्हणून मेमो त्यांना मिळाला. "मी फॉर्मवर होतं तेच टाइप केलं," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या प्रत्येक फॉर्मवर सही करायला लागल्या. आणि तेव्हाच साहेबांनी फर्मान काढलं असणार, की एंट्रीतल्या कुठल्याच नंबरावर प्रोग्रामने विश्वास ठेवायचा नाही, जितक्या वेळा वाचायचा तितक्या वेळा तपासायचा. एकच वॉशर सहाशे ठिकाणी लागत असेल तर सहाशे वेळा तपासायचा.

म्हणजे कंपनीचे दर आठवड्याला वाहून जाणारे तास सॉर्टिंगमध्ये जात नव्हते. ते या पाच जणींवरच्या संशयात जात होते.

तिने बॅडनोची ओळ शोधली. ती तक्त्याच्या अगदी तळाशी होती. वापर: शून्य.

कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला. प्रभावतीबाई शेजारीच होत्या, पण त्यांना ती काही बोलली नाही.

तिचे वडील मीरासाहेब यांचं कासारवाडीत मुंबई-पुणे रस्त्यालगत स्कूटरचं गॅरेज होतं. गुरुवार त्यांच्या कामाचा. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे कामगार आपापल्या गाड्या घेऊन त्याच दिवशी यायचे. सकाळी नऊलाच सात स्कूटर रांगेत लागल्या होत्या. सुरय्या चहा घेऊन गेली आणि ते एका गाडीचा प्लग घासत असताना तिने सगळं सांगितलं. अब्बांना कॉम्प्युटरमधलं कळत नव्हतं, पण माणसांमधलं कळत होतं.

"म्हणजे चूक तुझ्या काळभोर साहेबांची?"

"त्यांनी लिहिलं. करायला लावलं उपासनी साहेबांनी."

"आणि तू ते सगळ्यांसमोर सांगणार."

"खरं आहे ते, अब्बा. छापील आहे."

मीरासाहेबांनी प्लग उजेडात धरून बघितला. "खरं आहे म्हणूनच म्हणतो. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, स्वतःच काहीतरी उघडून बिघडवून आणलेलं. शेजारी त्याचा मित्र उभा असला तर मी तोंड उघडत नाही. मित्र गेला की सांगतो. मग तो ऐकतो, आणि पुढच्या वेळीही माझ्याकडेच येतो. आधी एकट्याला दाखव, बेटी. त्याला तुझ्या बाजूने उभं राहायला जागा ठेव."

"आणि नाही राहिले उभे तर?"

"तर कागद तुझ्याजवळ आहेच की."

शुक्रवारी रंगराव सातला यादी सुरू करायला येणार होते. सुरय्या पावणेसातला दारात हजर होती. त्यांनी कुलूप काढलं, दोघांनी चपला काढल्या, आणि ते टर्मिनलकडे वळायच्या आत तिने घडी उलगडून कागद त्यांच्यापुढे धरला.

"अजून कोणालाच दाखवला नाही," ती म्हणाली.

रंगराव उभ्या उभ्या वाचू लागले. वरची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. मग बोट खाली खाली नेत सॉर्टपाशी थांबले.

"सहा," ते म्हणाले. "तीन महिने घासलो मी त्या सॉर्टवर. आईशप्पत, तीन महिने." बोट पुन्हा वर गेलं. "आन हा चेकनो. हा तर म्या एका दुपारी लिवला. ध्यानात बी न्हवता माझ्या." आकुर्डी बाहेर आली होती, आणि सुरय्याला कळेना की ते चिडले आहेत की काय.

ते चिडले नव्हते. खुर्चीत बसले, कोरा कागद ओढला आणि मिनिटभर पेन्सिल आपटत राहिले. "चौदा हजार नंबर. सुरुवातीला एकदाच सगळे तपासून घ्यायचे. वाईट असेल तो तिथंच छापायचा. मग यादी करताना परत बघायचंच नाही. बरोबर?"

"बरोबर. चौदा हजार वेळा तपासायला पंधरा-वीस मिनिटं लागतील. मी काल घरी हिशेब केलाय."

"लिहायला तास लागेल मला. पण यादी सातला सुरू झाली नाही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. नवा प्रोग्राम फसला आणि जुना दुपारी सुरू करावा लागला, तर यादी शनिवारवर गेली. भिमाजीची चाळीस माणसं आणखी एक दिवस बसून. आणि मुंबईच्या ऑफिसला हवं असलेलं निमित्त आयतं हातात.

"हे मी एकट्याने ठरवायचं नाही," रंगराव म्हणाले. "साहेबांना येऊ दे." पण हात मात्र तोवर लिहायला लागला होता.

उपासनी साहेब साडेआठला आले. यादी सुरू झालेली नाही हे कळताच त्यांचा चेहरा उतरला. रंगराव तक्ता घेऊन केबिनमध्ये गेले आणि दारातून वळून म्हणाले, "तांबोळी, तुम्हीपण या."

आत ते उभेच राहिले. "साहेब, वेळ सॉर्टमध्ये जात नव्हता. मी सहा महिने चुकीचं सांगत होतो. मशीनही अपुरं नाही. हे यांनी मोजून काढलंय. मी नको म्हणत होतो, तरी यांनी चिकाटी सोडली नाही."

उपासनी साहेबांनी कागद वाचला, गठ्ठ्यातलं पान वाचलं, आणि त्यांची नजर वरच्या टिपेवर स्थिरावली. स्वतःचंच नाव होतं ते. सुरय्या जमिनीकडे बघत राहिली. रंगरावांनी त्या टिपेबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"ही सूचना माझी होती," साहेब स्वतःच म्हणाले. मग विचारलं, "या शून्याचा अर्थ काय?"

"एकही चुकीचा नंबर सापडला नाही, साहेब," सुरय्या म्हणाली. "चोवीस हजार वेळा बघितलं, एकदाही नाही."

"हा एकाच गिअरबॉक्सचा झाला."

"हो. पूर्ण यादीत असतीलही. नवा प्रोग्राम सुरुवातीलाच सांगेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. खिडकीतून खाली असेंब्लीची शेड दिसत होती. तिथे माणसं ट्रॉल्यांवर टेकून उभी होती. "चालवा," ते म्हणाले. "भिमाजीला मी सांगतो."

दहाला पाच मिनिटं कमी असताना नवा प्रोग्राम सुरू झाला. सुरय्याने जागेवर येऊन प्रभावतीबाईंना त्या शून्याबद्दल सांगितलं आणि ती फॉर्म टाइप करायला लागली, पण कान भिंतीपलीकडे होते. सव्वादहाच्या सुमारास प्रिंटरने थोडंसं खरडलं आणि तो गप्प झाला. रंगराव हातात टीचभर कागद घेऊन बाहेर आले.

"तीन नंबर वाईट निघाले," ते म्हणाले. "चौदा हजारांत तीन. आजवर कुठल्या यादीत न आलेल्या भागांचे."

प्रभावतीबाईंची बोटं थांबली. पाची जणींची थांबली. प्रभावतीबाई उठल्या, फॉर्मांच्या कपाटाशी गेल्या, कागदावरचे नंबर बघून तीन फायली काढल्या आणि पाचच मिनिटांत तीन फॉर्म टेबलावर मांडले. तिन्हींवर कोपऱ्यात त्यांची सही होती. आणि तिन्हींवर ड्रॉइंग ऑफिसच्या शाईत तोच चुकीचा नंबर लिहिलेला होता. टाइप जसाच्या तसा झाला होता.

उपासनी साहेब केबिनच्या दारात आले होते. त्यांनी तिन्ही फॉर्म एकेक करून बघितले. "प्रभावतीबाई," ते म्हणाले, "तो ऐंशी सालचा मेमो मी आजच फाइलीतून काढायला लावतो. तेव्हाच नीट बघायला हवं होतं."

"बरं," प्रभावतीबाई म्हणाल्या. त्या जागेवर येऊन बसल्या, पुढचा फॉर्म उचलला, आणि तो टाइप न करता नुसताच हातात धरून बसल्या. मग सुरय्याकडे वळून हळूच विचारलं, "तो शून्याचा कागद मला एक छापून देशील? घरी दाखवायचाय."

बारा वाजून सदतीस मिनिटांनी प्रिंटर पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी थांबला नाही. दोन तास बेचाळीस मिनिटं. रंगराव यादीचं पहिलं पान मागच्या आठवड्याच्या यादीशी पडताळून बघत होते. पुन्हा पुन्हा बघत होते. सगळं जुळत होतं. शेवटी त्यांनी गठ्ठा उचलला आणि शिपायाला न देता स्वतःच जिना उतरून भिमाजीकडे गेले. वर खिडकीत उभ्या राहिलेल्या मुलींना दिसलं, की भिमाजीने आधी यादीकडे बघितलं, मग शेडमधल्या घड्याळाकडे, मग रंगरावांकडे, आणि डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

मुंबईला दुसरं पत्र गेलं: मोठं मशीन नको, आहे ते पुरेसं आहे. त्या पत्रासोबत तक्त्याची नक्कल होती आणि खाली दोन सह्या होत्या. दुसऱ्या, सुरय्याच्या सहीसाठी रंगराव हटून बसले होते. महिनाभराने उपासनी साहेबांनी सुरय्याला बोलावून प्रोग्रॅमरच्या जागेसाठी नव्याने अर्ज करायला सांगितलं. "मुलाखत नको," ते म्हणाले. "ती झाली." आधी सहा महिने शिकाऊ म्हणून, मग पुढे कायम. एप्रिलपासून रंगरावांच्या टेबलासमोर तिचं टेबल लागलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या जुन्या प्रोग्रामांची यादी तिच्यापुढे टाकली. "सगळे मोजा. जे निघेल ते आधी मला सांगा, म्हणजे झालं."

मोजून झाले त्यातले दोन ठीक निघाले, एक फारच वाईट निघाला आणि एका प्रोग्रामचा उपयोगच कोणी करत नव्हतं असं कळलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी दाराशी बुटांचा आवाज आला. भिमाजी होता. बूट काढून, मोज्यांवर, जरा अवघडत तो आत आला आणि थेट सुरय्याच्या टेबलाशी येऊन थांबला.

"ताई, एक इचारायचं हुतं. तुमी त्या यादीचं जसं मोजलंत ना, कुठं किती येळ जातोय ते. आमच्या लायनीचं बी तसं मोजता येईल का? गिअरबॉक्स बांधायला दीड तास लागतो. समदे म्हणत्यात शाफ्ट बसवायला येळ लागतो. मला बी तसंच वाटतंय. पर मोजलेलं कुणी न्हाई."

रंगराव वर न बघता म्हणाले, "जा की. आज इथे काही पेटलेलं नाही."

सुरय्याने वही उचलली, ड्रॉवरमधून मनगटी घड्याळ काढून बांधलं आणि त्याच्यामागे जिना उतरली. तीन वर्षांत ती असेंब्लीच्या शेडमध्ये कधी गेली नव्हती. आत तेलाचा वास होता, कम्प्रेसरचा आवाज होता, आणि इतकी वर्षं नुसते नंबर म्हणून बघितलेले भाग ट्रेमध्ये ढिगाने पडले होते. एक वॉशर तिने उचलून बघितला. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता.

पहिल्या टेबलावरचा माणूस हात थांबवून तिच्याकडे बघायला लागला.

"थांबू नका, दादा," ती वही उघडत म्हणाली. "रोज करता तसंच करा. आणि मला सांगा, हातात घेतल्यापासून पहिलं काय करता?"